उरलेल्या पैशाला लगेच नफा म्हणू नका

सोयाबीनची रास झाली, माल आडतीला गेला, पट्टी हातात पडली, की गावात एकच प्रश्न फिरतो: यंदा काय राहिलं? कोणी म्हणतो एकरी दहा हजार, कोणी म्हणतो बियाण्या-खताचे तेवढे फिटले, कोणी नुसताच हात झटकतो. लातूर-नांदेडकडे हा प्रश्न विचारणाऱ्या आणि त्याचं उत्तर देणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. हातात उरलेल्या रकमेला लगेच नफा म्हणू नका, आणि व्यापाऱ्याच्या हातात दिसणाऱ्या रकमेला लगेच लूटही म्हणू नका. आधी ती रक्कम फोडून बघा. तिच्यात कोणाचं काय आहे, ते मग कळेल.

एक एकराचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. सात क्विंटल उतारा, ४,२०० रुपये भाव, म्हणजे २९,४०० रुपये आले. बियाणं, खत, फवारणी, गुत्त्यानं दिलेली काढणी, मळणी, टेम्पोभाडं असे रोख १८,००० गेले. राहिले ११,४००. बहुतेक घरांत हिशेब इथंच थांबतो आणि याच रकमेला नफा म्हणतात. आता पुढं चला. पेरणीपासून रास होईपर्यंत घरातल्या माणसांनी मिळून वीस दिवस काम केलं. तेच काम मजुरानं केलं असतं तर ३५० रुपयांनी ७,००० द्यावे लागले असते. राहिले ४,४००. तेच रान दुसऱ्याला ठोक्यानं दिलं असतं तर समजा दहा हजार घरबसल्या आले असते. म्हणजे ५,६०० उणे. त्यात स्वतःचे १८,००० रुपये पाच महिने रानात अडकले, बारा टक्क्यांनी त्याचं व्याज ९००. एकूण ६,५०० रुपयांचा तोटा. ११,४०० चा नफा आणि ६,५०० चा तोटा, दोन्ही एकाच पट्टीतून निघाले. खोटं कोणतंच नाही.

ही गोष्ट अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये लिहून ठेवली आहे. मालाच्या किमतीत मजुरी, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचा नफा असे तीन वाटे असतात, असं त्याचं म्हणणं. पण स्वतःच्या जमिनीत स्वतः राबणारा माणूस मालक, भांडवलदार आणि मजूर असा तिन्ही असतो, म्हणून त्याचे वाटे एकमेकांत मिसळतात आणि तो सगळ्याला मिळून एकच नाव देतो. स्मिथनं उदाहरण दिलं ते आपल्याच मळ्यात खपणाऱ्या माळ्याचं. औसा-निलंग्यातल्या पाच एकरवाल्याला ते जसंच्या तसं लागू पडतं.

हा वाद पुस्तकातला वाटत असेल, तर हमीभावाचं भांडण आठवा. कृषी मूल्य आयोग खर्च तीन तऱ्हांनी मोजतो. रोख आणि वस्तुरूपानं प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या कामाचं मोल मिळवलं की ए-टू अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. स्वामिनाथन आयोगानं उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट हमीभाव असावा असं सुचवलं. २०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं दीडपटीचं वचन दिलं, पण दीडपट कशाची, तर मधल्या खर्चाची. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता, म्हणून हमीभाव ४,८९२. शेतकरी संघटना म्हणतात सी-टू धरा. म्हणजे आंदोलन, मोर्चे, दिल्लीच्या वाटाघाटी हे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: आपल्या जमिनीचा खंड आणि आपल्या पैशाचं व्याज खर्चात धरायचं, की नफ्यात? आणि त्या वर्षी लातूरच्या बाजारात भाव हमीभावाच्याही खाली, चार ते साडेचार हजारांत घुटमळत होता, हेही विसरू नका.

इथं माझं मत आडवं जाईल, पण सांगतो. घरच्या वहीत खंड जरूर धरा. शेत कसावं, की ठोक्यानं देऊन लातुरात नोकरी धरावी, हे ठरवताना तो आकडा लागतोच. पण भाव मागताना खंडाचं कलम जपून वापरा. डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये दाखवून दिलं, की खंड जास्त म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग म्हणून खंड चढतो. चांगल्या रानाला हलक्या रानापेक्षा जे जास्त पिकतं, तो खंड. लातुरात क्लासेसच्या रस्त्यावर गाळ्याचं भाडं जबर आहे म्हणून तिथं धंदा चालत नाही, धंदा चालतो म्हणून भाडं जबर आहे. तसंच हे. भाव वाढला की पुढच्या पाडव्याला ठोका वाढतो, ठोका वाढला की खर्च वाढतो, आणि मग वाढीव भाव कोणाच्या खिशात जातो? रान बटईनं किंवा ठोक्यानं करणाऱ्याच्या नाही. तो जातो शहरात राहणाऱ्या सातबाराधारकाकडे. आपल्या भागात दुसऱ्याचं रान कसणारे किती आहेत, ते गावागावांत बघा. सी-टूची मागणी करणाऱ्यांनी त्यांचं काय, हेही बोललं पाहिजे.

शरद जोशींची गोष्ट या ठिकाणी आठवतेच. टपाल खात्यातले अधिकारी, पुढं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर. ते सोडून परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. आपण शिकलेलो, पैसा घातला, राबलो, तरी हिशेब जुळत नाही, हे त्यांनी स्वतःच्या वहीत पाहिलं. शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून शेती तोट्यात, ही शहरी समजूत त्यांनी त्याच वहीच्या जोरावर फेकून दिली. शेतीचा कच्चा माल धोरण म्हणून स्वस्त ठेवला जातो आणि त्यावर कारखानदारीचा नफा उभा राहतो, असं त्यांचं मांडणं होतं. शेतकरी संघटनेची उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी तिथून आली. तिच्यातल्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत व्हा असं मी म्हणत नाही. वही लिहिण्याची सवय मात्र घ्या.

आणि वही लिहायचीच तर प्रामाणिकपणे लिहा. कार्ल मार्क्सनं १८६७ मध्ये म्हटलं, की नफा विक्रीत जन्मत नाही, कामात जन्मतो. मजूर दिवसाच्या काही तासांत आपल्या मजुरीइतकं मोल निर्माण करतो, उरलेल्या तासांतलं मालकाकडे राहतं. मिलवाल्याबद्दल बोलताना आपल्याला हे एकदम पटतं. सालगड्याबद्दल बोलताना तितकं पटत नाही. खुरपणीला येणाऱ्या बाईचा रोज गड्यापेक्षा कमी का, असं विचारलं की "रीतच आहे" असं उत्तर मिळतं. ज्या एकरात नफा दिसतो, तो नफा आहे की त्या बाईच्या रोजातून राहिलेला फरक, हे तपासायला मार्क्सवादी व्हावं लागत नाही. वजाबाकी आली की पुरे.

घरातली बाई तर त्या वजाबाकीतही येत नाही. पट्टी पुरुषाच्या नावानं निघते, बँकेचं खातं पुरुषाचं, आणि वर्षभराचं निंदणं, खुरपणं, वेचणं, राशीवरचं काम आणि रानात भाकरी पोचवणं हे सगळं कोणाच्याच नावानं पडत नाही. सरकारी पद्धतीत निदान शेतातल्या घरच्या कामाचं मोल धरतात. आपल्या वहीत ते शून्य असतं. तुमच्या एकराच्या हिशेबातले ते ७,००० रुपये कोणाकोणाचे, हे नावानिशी लिहून बघा. घरात थोडी गडबड उडेल. उडू द्या.

बाजारातल्या हमालाचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि त्याखालच्या मंडळांमार्फत हमालांना ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे मिळण्याची सोय झाली. त्याआधी म्हाताऱ्या हमालाच्या मोडलेल्या पाठीचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नव्हता. म्हणजे तो नफा म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत जमा होत होता.

आता व्यापाऱ्याकडे वळू. त्याला शिव्या देणं सोपं आहे, आणि कधी कधी त्या त्यानं कमावलेल्याही असतात. पण त्याच्या हातातली रक्कमही फोडूनच बघितली पाहिजे. चाळणी, बारदाना, हमाली, ट्रक, ओलाव्याची घट, बँकेचं व्याज, गोदाम हा खर्च झाला. सौदे बघत दिवसभर उभं राहणं ही त्याची मजुरी झाली. उरलं त्यातलं काही थांबण्याचं मोल आहे. नासाऊ सीनियर नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८३६ मध्ये हीच बाजू मांडली होती: पैसा आज खर्च न करता जो अडकवून ठेवतो, त्याच्या त्या संयमाचं मोल म्हणजे नफा. मार्क्सनं सीनियरची यथेच्छ टिंगल केली. श्रीमंतानं कसला संयम करायचा, हा त्याचा सवाल रास्तच आहे. पण सीनियरचं अर्धं खरं आहे. थांबण्याला मोल आहेच. प्रश्न एवढाच, की थांबणं कोणाला परवडतं? दिवाळी तोंडावर, सोसायटीचा हप्ता डोक्यावर, पोरीची फी बाकी, अशा माणसाला थांबता येत नाही. तो ऐन आवकेत विकतो, आणि थांबण्याचं मोल थांबू शकणाऱ्याकडे जातं.

म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना ऐकून सोडून देऊ नका. ती १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी घ्यायचं आणि भाव बघून विकायचं. सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद, सगळं चालतं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे रास होण्याआधी विचारा. रास झाल्यावर विचारून उपयोग नसतो. आणि बंद असेल, तर संचालकांना भर सभेत विचारा. मत मागायला तेच येतात.

पण थांबलं की फायदाच होतो, असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, सगळ्यांना आठवत असेल. त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवीन माल येऊ लागला आणि भाव कोसळला. नंतर २०२२ च्या सुरुवातीला तो पुन्हा सात हजारांपर्यंत चढला. ज्यांनी थांबून कमावलं त्यांचं बघून पुढच्या दोन वर्षांत कितीतरी घरांनी पोती थप्पीला लावून ठेवली, दहा हजारांची वाट बघत. भाव साडेपाचावरून पाच, पाचावरून साडेचारावर आला. माल मात्र घरातच.

याला फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं पुस्तक लागू पडतं, १९२१ चं. त्यानं जोखमीचे दोन प्रकार केले. एक मोजता येणारी, जिचा अंदाज मागच्या पुष्कळ वर्षांवरून बांधता येतो आणि विमा उतरवता येतो. तिचा हप्ता हा खर्च आहे, नफ्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी मोजताच न येणारी. दिल्लीत उद्या आयातीचा काय निर्णय होईल, याचा विमा कोणी उतरवत नाही. नाइटच्या मते खरा नफा, आणि खरा तोटाही, या दुसऱ्या प्रकारातून येतो. वायदे बाजार हा भावाची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा एक मार्ग होता. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, हरभरा यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि बंदी वारंवार वाढवली. वायद्यात सट्टा नव्हता असं कोण म्हणेल? पण पुढचा भाव आज बांधून घेण्याची सोय गेली, की खरेदीदार सावध होतो आणि ती सावधगिरी शेतकऱ्याच्या भावातून कापून घेतो, असं मला वाटतं.

त्यामुळे व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुम्ही जोखीम घेता, की पुढं ढकलता? सकाळी घेऊन संध्याकाळी मिलला देणारा जोखीम घेत नाही. त्याला मिळते ती मजुरी आणि दलाली, आणि ती मजुरीइतकीच असावी. चार महिने माल भरून बसणारा जोखीम घेतो. त्याला कधी मिळेल, कधी बुडेल. आणि पाच एकरवाला? जून ते ऑक्टोबर आभाळाची जोखीम त्याची, ऑक्टोबरनंतर भावाची जोखीमही त्याचीच. सप्टेंबर २०२५ मध्ये लातूर-नांदेडच्या शिवारांत पाणी उभं राहिलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. जोखीम घेणाऱ्याला नफा मिळतो हा सिद्धांत खरा असता, तर मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी महाराष्ट्रातला सर्वांत श्रीमंत माणूस असता. जोखीम नाकारण्याची मुभा ज्याला असते, त्यालाच तिचं मोल मिळतं. नाइटच्या पुस्तकावर आपल्या भागानं घातलेली ही टीप समजा.

जोसेफ शुम्पेटर म्हणायचा, नफा हा नवं काही करणाऱ्याचा, आणि तोही थोडे दिवसांचा. बाकीच्यांनी नक्कल केली की तो उडून जातो. लातूर पॅटर्नच्या क्लासेसकडे बघा. सुरुवातीला उतरले त्यांनी कमावलं, आता गल्लीगल्लीत फलक आहेत. शेजाऱ्यानं एखाद्या पिकात लाख काढले म्हणून पुढच्या वर्षी सगळ्या गावानं तेच लावलं, हा प्रकारही तोच. यूट्यूबवर 'एकरी दहा लाख' बघून कर्ज काढणाऱ्यांना एवढंच सांगतो, की व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला म्हणजे तो नफा बहुधा संपत आलेला असतो.

राहिला तो नफा, ज्याला मजुरी, खंड, व्याज, जोखीम, कल्पकता यांपैकी काहीच म्हणता येत नाही. तो अडचणीचा नफा. खरेदीदार एकच, विकणारे शंभर. पोलंडच्या कालेत्स्कीनं विसाव्या शतकात याच मक्तेदारीच्या मापावर नफ्याचा सिद्धांत उभा केला, आणि एकाच धंद्यातले लोक एकत्र बसले की गिऱ्हाइकाविरुद्ध शिजतं, ही शंका स्मिथलाही होती. स्मिथ हा व्यापाऱ्यांचा वकील अशी समजूत असणाऱ्यांनी त्याला वाचलेलंच नाही. हा नफा ओळखायची एक खूण आहे. दुसरा खरेदीदार आला आणि पहिल्यानं त्याच दिवशी दोनशेनं भाव वाढवला, तर कालपर्यंतचे ते दोनशे ना जोखमीचे होते ना मेहनतीचे. म्हणून गावात दारावर आलेल्या गाडीला माल घालण्याआधी लातूर, उदगीर, नांदेडचा त्या दिवसाचा भाव फोनवर विचारा. ओलावा यंत्रावर समोर बघा. 'कडता' म्हणून किलोभर कापलं तर कशाचं, ते विचारा. छापील पट्टी मागा, कागदाच्या चिटोऱ्यावर समाधान मानू नका.

नफा कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा आहे, असंही समजू नका. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवताना उत्पादकाची जोखीम आणि नफा यांपोटी वाजवी वाटा धरावा, असं केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशातच २००९ पासून लिहिलं आहे. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला, ३० कारखान्याला, असा वाटा सुचवला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रानं त्यावर कायदा केला. हप्ते वेळेवर मिळतात का, उपपदार्थांचा हिशेब खरा दाखवतात का, हे भांडण वेगळं आणि तेही करावंच लागतं. पण नफा कोणाचा, हे बसून ठरवता येतं, एवढं तरी उसानं सिद्ध केलं. सोयाबीनला, तुरीला तसं काहीच नाही. डाळीच्या दुकानातल्या भावात तूर पिकवणाऱ्याचा किती टक्के वाटा असावा, हे कोणत्याच आदेशात लिहिलेलं नाही.

ज्या गावात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिथं वार्षिक सभेला जा. कंपनीला फायदा झाला असेल तर तो शेअरवर वाटायचा, की ज्यानं जितका माल घातला त्या प्रमाणात, हे विचारा. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढलं, तेव्हा उरलेला पैसा खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचं ठरवलं आणि जगभरच्या सहकारानं तेच उचललं. पाच-दहा माणसांच्या हातात शेअर आणि शंभरांचा माल, अशी कंपनी असेल तर ती नवी आडतच आहे.

येत्या पाडव्याला सालगड्याचं साल ठरेल. त्याच दिवशी, त्याच वहीत, खाली आपलं आणि घरातल्या बाईचंही साल लिहा: किती दिवस, काय रोजानं. रानाचा ठोका लिहा, अडकवलेल्या पैशाचं व्याज लिहा. दिवाळीनंतर पट्टी आली की या चार ओळी वजा करा आणि मग उरलेला आकडा हमीभावाच्या बैठकीत, बाजार समितीच्या सभेत, मतं मागायला आलेल्या उमेदवारासमोर मोठ्यानं वाचून दाखवा.